बुटाचा नंबर आणि पायाचं माप

बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असो की अहिल्यानगरचं मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, नवा रिक्रूट दाखल झाला की पहिल्या काही दिवसांत केस बारीक होतात, कागदपत्रं पुन्हा तपासली जातात आणि मग स्टोअरसमोर रांग लागते. गणवेश, पीटीचे बूट, चामड्याचे बूट, मोजे असं सगळं एका दमात हातात पडतं. काउंटरपलीकडून एका शब्दाचा प्रश्न येतो, "नंबर?" मुलगा सांगतो, "आठ." मागे लांबलचक रांग उभी असते. बूट काखोटीला मारून तो पुढे सरकतो.

हा आठ आला कुठून? बहुतेकदा दहावीच्या सुमाराला तालुक्याच्या बाजारात घेतलेल्या कॅनव्हासच्या बुटावरून. त्या वयात पाय वाढत असतो. शिवाय दुकानात पाय मोजलेलाच नसतो. चालून बघ म्हणतात, दोन पावलं टाकली की झालं. ज्याने भरतीसाठी वर्षभर पहाटे उठून १६०० मीटर मारले, छाती फुगवण्याचा सराव केला, लेखी परीक्षेचे प्रश्नसंच सोडवले, त्याला आपल्या पायाची लांबी मिलिमीटरमध्ये माहीत नसते. पुढचे काही महिने त्याचा दिवस ज्या एका वस्तूवर उभा राहणार आहे, तिची निवड अशी अर्ध्या मिनिटात होते, हे मला फार खटकतं. त्यामुळेच या पुस्तकात बुटासाठी एक अख्खं प्रकरण ठेवलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. बुटाबद्दल आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. एक, "आत्ता घट्ट वाटतोय, पण वापरून सैल होईल." दुसरी, "थोडा मोठाच घे, मोजा घालून बसेल." पहिली समजूत जवानाच्या अंगठ्याचं नख काळं करते, दुसरी टाचेवर फोड आणते. वापराने चामडं मऊ पडतं, पायाच्या वळणावर वाकायला शिकतं, रुंदीत किंचित सैलावतं. लांबीत ते वाढत नाही, कारण लांबी सोलने ठरवलेली असते आणि सोल ताणला जात नाही. म्हणजे लांबी, चवड्याची जागा आणि टाचेची पकड या तीन गोष्टी बूट घेतानाच जमल्या पाहिजेत. बाकीचं काम पुढच्या काही आठवड्यांवर सोडता येतं.

हे शहाणपण सैन्यांनाही फार उशिरा आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक सैन्यांत डाव्या-उजव्याचा फरक नसलेले सरळ बूट वापरात होते. एकाच फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, दोन्ही पायांचे बूट शिवले की कारखान्याचं काम सोपं होई. पायाने काय ते सोसावं, अशी व्यवस्था. १८५८ मध्ये झुरिकमधले शरीररचनाशास्त्रज्ञ गेओर्ग हेरमान फोन मायर यांनी पायाच्या हाडांचा अभ्यास करून दाखवलं, की निरोगी पायात अंगठ्याची मध्यरेषा मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून जाते. टोकदार बूट अंगठ्याला त्या रेषेवरून आत ढकलतो आणि पाय कायमचा वाकडा होतो.

पुढचं मोठं काम अमेरिकी सैन्यातले डॉक्टर एडवर्ड लायमन मन्सन यांचं. १९०८ मध्ये नेमलेल्या बूट मंडळाचे ते प्रमुख होते. चार वर्षांत त्यांनी सुमारे २००० सैनिकांचे पाय तपासले, शंभराहून अधिक प्रकारचे बूट पाहिले आणि १९१२ मध्ये सैनिकाचा पाय या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मोजमापाची पद्धत मला आजही अनुकरणीय वाटते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या लोंबत्या पायाचं माप त्यांनी निरुपयोगी ठरवलं. सैनिकाच्या पाठीवर चाळीस पौंडांचं, म्हणजे अठरा किलोंच्या आसपासचं ओझं द्यायचं, सगळा भार एका पायावर घ्यायला सांगायचा आणि मग त्या पायाची लांबी-रुंदी घ्यायची. भार पडला की तळव्याची कमान खाली येते, पाय लांबतो, चवडा पसरतो. सैनिकाचा खरा पाय तो, कारण कूच करताना तोच बुटात असतो. या मापांवरून बनलेला, पुढे रुंद आणि आतली कड सरळ असलेला फर्मा मन्सन यांच्या नावानेच ओळखला गेला.

आपला पाय घरी असाच मोजता येतो. वेळ संध्याकाळची घ्यावी, दिवसभर काम आणि चालणं झाल्यावर. सकाळपेक्षा संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो आणि बुटात गेल्यावर तर आणखी फुगणार असतो. भिंतीला लागून जमिनीवर कागद चिकटवा. जे मोजे बुटात घालणार तेच घाला. टाच भिंतीला टेकवून उभे राहा, पाठीवर दहा-पंधरा किलोंची सॅक घ्या आणि भार मोजायच्या पायावर आणा. दुसऱ्या कुणालातरी पेन्सिल उभी धरून पायाची बाह्यरेषा काढायला सांगा. स्वतः वाकून काढायला गेलात तर भार सरकतो आणि माप चुकतं. भिंतीपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर ही लांबी. हे बोट अंगठाच असेल असं नाही; अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. चवड्याच्या सर्वांत फुगीर भागातलं आडवं अंतर ही रुंदी. तिसरं एक माप फार थोडे लोक घेतात, पण ते महत्त्वाचं आहे: भिंतीपासून अंगठ्याच्या मुळाच्या हाडापर्यंतचं अंतर. पाय तिथे वाकतो, आणि बूटही नेमका तिथेच वाकला पाहिजे. दोन माणसांच्या पायांची एकूण लांबी सारखी असूनही एकाची बोटं आखूड आणि दुसऱ्याची लांब असतील, तर या मापात फरक पडतो आणि एकाच नंबरचा बूट एकाला सुखाचा, दुसऱ्याला छळाचा होतो. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात बनवलेलं धातूचं मापयंत्र मोठ्या दुकानांत अजूनही दिसतं. लांबी, रुंदी आणि हे टाच ते चवडा अंतर, तिन्ही त्यावर एकदम कळतात. ते दिसलं तर मोजून मागायला संकोच करू नये.

दोन्ही पाय मोजा. ते क्वचितच अगदी सारखे असतात. नंबर मोठ्या पायाचा घ्यायचा. लहान पायाच्या बुटात आतला तळ किंचित जाड घातला की भागतं. उलटा उपाय नाही.

आता नंबराविषयी. भारतात दुकानांत चालणारे नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरांहून थोडं जास्त. एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटू शकतं. पण दहा किलोमीटर चालताना सुमारे तेरा हजार पावलं पडतात. त्यातली निम्मी एका पायाची. चार मिलिमीटरने आखूड बुटात अंगठ्याचं नख उतारावर दरवेळी पुढ्यावर आदळतं. शिवाय हा नंबर फक्त लांबी सांगतो. रुंदीचा त्यात उल्लेखच नाही. त्यामुळे बरेच देश सैनिकी बुटांसाठी पायाची लांबी आणि रुंदी थेट मिलिमीटरमध्ये देणारी पद्धत वापरतात.

रुंदीचा प्रश्न आपल्यासाठी विशेष आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांचं त्रिमितीय मोजमाप केलं. भारतीयांचा पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांच्या पायापेक्षा रुंद असतो, हा त्यातला ठळक निष्कर्ष होता. भारतासाठी वेगळी मापपद्धती तयार करण्याचं काम त्यातूनच सुरू झालं. त्याच पाहणीत असंही दिसलं, की मुलग्यांच्या पायाची वाढ पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या सुमारास शिखराला पोहोचते. दहावीतल्या बुटाचा नंबर अठराव्या वर्षी का चालत नाही, याचं उत्तर यात आहे. दक्षिण भारतात अनवाणी चालणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनवाणी वाढलेल्यांचा चवडा जास्त रुंद असतो आणि तळव्यावरचा दाब जास्त समान वाटला जातो, असं त्यात आढळलं. माण-खटाव, शिराळा, चंदगड या भागांतून भरतीला येणारी कितीतरी मुलं शेतात अनवाणी आणि एरवी चपलेत वाढलेली असतात. त्यांचे पाय सुदृढ असतात. नेमके हेच पाय अरुंद फर्म्याच्या बुटात सर्वांत जास्त भरडले जातात. चवडा मावत नाही म्हणून मुलगा एक नंबर मोठा बूट घेतो, मग लांबी जास्त होते, टाच उचलली जाते, बूट चुकीच्या जागी वाकतो. अशा वेळी नंबर तोच ठेवून रुंद फर्म्याचा बूट शोधणं हाच उपाय असतो.

सपाट तळव्यामुळे वैद्यकीय तपासणीत बाद होण्याची धास्ती ग्रामीण मुलांना फार असते. त्यांच्या घरच्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक भारतीय पाहणी लक्षात ठेवावी. २३०० मुलांच्या त्या पाहणीत बूट-चप्पल वापरणाऱ्यांमध्ये सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के, आणि बंद पुढ्याचे बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होतं. लहान पोराला दिवसभर घट्ट बुटात कोंबण्याची घाई करण्यात अर्थ नाही.

मुलींसाठी एक वेगळी सूचना. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी महिला कॅडेटची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणींची. आता ही वाट दरवर्षी रुंदावणार. स्त्रीचा पाय हा पुरुषाच्या पायाची छोटी आवृत्ती नसतो. चवड्याच्या मानाने तिची टाच अरुंद असते. पुरुषांच्या फर्म्यावरचा छोट्या नंबरचा बूट पुढे बरोबर बसला तरी मागे सैल राहतो. टाच धरते का, ही तपासणी मुलींनी दुप्पट काळजीने करावी.

बूट पायात चढवल्यावर काय पाहायचं? आधी आतला तळ बाहेर काढा, त्यावर मोज्यासकट उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे दहा-बारा मिलिमीटर जागा दिसली पाहिजे आणि चवडा दोन्ही बाजूंनी कडेबाहेर सांडता कामा नये. मग तळ आत घाला, पाय घाला, टाच जमिनीवर दोनदा ठोकून पूर्ण मागे बसवा आणि त्यानंतरच नाडी बांधा. बहुतेक जण पाय पुढे सरकलेला असतानाच नाडी आवळतात आणि मग टाच सैल आहे अशी तक्रार करतात. चवड्यावर नाडी थोडी सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट. बोटं बुटात हलवता आली पाहिजेत. आता चालताना टाच किंचित उचलली गेली तर नव्या बुटात ते चालतं, कारण सोल अजून ताठ असतो. पण बोट सहज आत जाईल एवढी उचलली गेली तर तो बूट ठेवून द्या. शेवटी उतारावर किंवा जिन्यावरून खाली उतरून बघा. बोटं पुढ्याला लागली, तर दुकानदार काहीही म्हणो, तो बूट तुमचा नाही. सपाट जमिनीवर उभे राहून पाय जोरात आपटूनही बघा. ड्रिल स्क्वेअरवर दिवसातून कितीदा तरी टाच आपटायची असते. सैल बुटात त्या प्रत्येक धक्क्याला पाय पुढे घसरतो.

वजनाकडेही लक्ष असू द्या. पायावर बाळगलेलं एक किलो वजन पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतकी शक्ती खातं, हे १९६० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. काही मोजमापांत हा आकडा सहाच्याही पुढे जातो. लढाऊ शारीरिक क्षमतेच्या चाचणीत, जिला जवान बीपीईटी म्हणतात, बूट, रायफल आणि पिठ्ठूसह, म्हणजे पाठीवरच्या सॅकसह, पाच किलोमीटर धावायचं असतं. स्पोर्ट्स शूजच्या जोडीपेक्षा बूट किलोभराने जड असतील, तर ही धाव पाठीवर पाच किलो जास्त घेतल्यासारखी होते. भरतीची तयारी सबंध हलक्या बुटांत केलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात आपले पाय आपलेच वाटत नाहीत, ते यामुळे.

आता बूट पायाला सरावण्याकडे येऊ. चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची दाट गुंफण. नव्या बुटात हे तंतू कारखान्यातल्या फर्म्याच्या आकारात स्थिरावलेले असतात. पाय वाकतो तिथे घड्या पडू लागतात, पायाची ऊब आणि घाम यांनी तंतू थोडे सैलावतात, एकमेकांवर सरकतात आणि वाळताना नव्या जागी बसतात. ही प्रक्रिया हळू झाली तर घडी पायाच्या खऱ्या वळणावर पडते. घाईने झाली तर ती कुठेही पडते आणि कायम तिथेच बोचत राहते.

मन्सन यांच्या काळात अमेरिकी सैन्याचा यावर एक लेखी आदेशच होता. नवे बूट घालून सैनिकाने घोट्याखालपर्यंतच्या पाण्यात पाचेक मिनिटं उभं राहायचं, चामडं भिजून लवचिक झालं की सपाट जमिनीवर तासभर चालायचं आणि बूट पायावरच वाळू द्यायचे. त्या काळच्या वनस्पतिजन्य कमावणीच्या चामड्याला आणि शिवलेल्या सोलला हे मानवत होतं. आजही हा उपाय एकमेकांना सांगितला जातो. आजच्या सैनिकी बुटाला मात्र तो लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे जवान ज्याला डीएमएस म्हणतात त्या बुटाचा सोल चामड्यावर थेट साच्यात ओतून बसवलेला असतो, आतली टाच आणि पुढा कडक पुठ्ठ्यासारख्या थरांनी उभा ठेवलेला असतो, आणि चामडं क्रोमने कमावलेलं असतं. मुद्दाम भिजवून हाती फार काही लागत नाही. थर मात्र सुटू शकतात, आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात ते वेगळंच.

कोल्हापुरी चपलेच्या सवयीने कुणी बुटाला तेल पाजतात. नव्या कोल्हापुरीचं चामडं झाडांच्या साली-फळांच्या रसात कमावलेलं असतं, ते तेल पितं आणि मऊ होतं. तिथे ती रीत बरोबर आहे. बुटात तेल ओतलं तर चामडं लोळागोळा होतं, घोट्याचा आधार जातो आणि रबराचा सोल तेलाने फुगून बिघडतो. घड्या पडतात त्या जागी पातळ हाताने मेणाचं पॉलिश किंवा डबिन एवढं पुरे. चमकवण्यासाठी पुढ्यावर थरावर थर चढवतात, तसे घड्यांवर चढवू नयेत. ते तडकतात आणि चामड्यालाही चीर पाडतात.

पाच-सहा आठवडे हाताशी असतील तर काम निवांत होतं. पहिला आठवडा बूट फक्त घरात, अंगणात, तास-दीड तास, जाड मोजे घालून. या काळात बूट स्वच्छ ठेवा, कुठे खुपलं तर तो बदलूनही मिळू शकेल. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्याने चालणं, एक दिवसाआड. मधल्या दिवशी बूट पूर्ण वाळू द्यायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, पंख्याखाली. चुलीशेजारी किंवा कडक उन्हात नाही, कारण घाईने वाळलेलं चामडं आक्रसतं आणि चिरतं. तिसऱ्या आठवड्यात पाच किलोमीटर, थोडा चढ-उतार. मग पाठीवर पाच किलो, पुढे दहा. बुटात धावणं अगदी शेवटी आणि थोडंच. ज्यांना आधीपासून बूट मिळणार नाहीत, सेंटरमधल्या वाटपाचीच वाट पाहायची आहे, त्यांनीही छावणीजवळच्या दुकानात मिळणारी साधी डीएमएसची जोडी घेऊन हा सराव करावा. बूट वेगळा मिळाला तरी पाय तयार झालेला असतो, आणि खरी कमाई ती आहे.

पाय तयार होतो म्हणजे दोन गोष्टी होतात. कातडी घट्ट होते, आणि हाडं भाराला सरावतात. कातडीचं आधी पाहू.

फोड ही पृष्ठभागावरची जखम आहे असं वाटतं, पण तिची सुरुवात आत होते. बूट आणि मोजा कातडीला एका जागी धरून ठेवतात, आतलं हाड मात्र पावलागणिक पुढे-मागे सरकतं. या ओढाताणीत बाह्यत्वचेचा मधला थर फाटतो आणि त्या पोकळीत आजूबाजूचा द्रव भरतो. तळवा, टाच, तळहात अशा जाड आणि खाली घट्ट बांधलेल्या कातडीवरच असा फोड येतो. पातळ कातडी त्याऐवजी नुसती सोलवटते. कातडी अगदी कोरडी असेल तर घर्षण कमी, पाण्याने निथळत असेल तरी कमी. घामाने दमट झालेल्या कातडीवर ते सर्वाधिक. बुटातला पाय तासन्‌तास नेमका याच दमट अवस्थेत असतो.

त्यामुळे मोजा हा बुटाचाच भाग समजावा. अमेरिकी मरीन रिक्रूटांवर पॅरिस आयलंड इथे १९९० च्या दशकात बारा आठवडे चाललेला एक अभ्यास आहे. नेहमीचा सैनिकी मोजा वापरणाऱ्यांपैकी ६९ टक्क्यांना फोड किंवा तत्सम इजा झाली. त्याच मोज्याखाली पातळ पॉलिएस्टरचा मोजा घातलेल्यांत प्रमाण ७७ टक्के निघालं, म्हणजे नुसते दोन मोजे घालून भागलं नाही. पातळ पॉलिएस्टर आणि त्यावर लोकर-पॉलिप्रॉपिलीनचा जाड, घट्ट विणीचा मोजा, या जोडीने ते ४० टक्क्यांवर आणलं. ओलावा कातडीपासून दूर नेणं आणि घसरण कातडी-मोज्याऐवजी मोजा-मोज्यात होऊ देणं, ही त्यातली युक्ती. दोन मोज्यांची जोडी वापरणार असाल तर बूट त्याच जोडीवर मापून घ्यायला हवा हे उघड आहे. निखळ सुती मोजा मात्र घाम धरून ठेवतो. लांब चालीला तो घालू नये.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या कॅडेटांवर घाम रोखणारं औषधही तपासलं गेलं. चालीपूर्वी काही रात्री तळव्यांना ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण लावलेल्यांत एकवीस किलोमीटरच्या कूचनंतर २१ टक्क्यांना फोड आले, न लावलेल्यांत ४८ टक्क्यांना. पण औषध लावलेल्यांपैकी ५७ टक्क्यांच्या कातडीची आगही झाली. इतकी किंमत मोजण्यापेक्षा दर विश्रांतीला बूट काढून पाय वाऱ्यावर धरणं आणि मोजे बदलणं मी पसंत करीन. बदललेला मोजा पिठ्ठूच्या पट्ट्याला अडकवला की पुढच्या विश्रांतीपर्यंत वाळतो.

फोड येण्याआधी ती जागा गरम लागू लागते, लालसर होते. थांबायचं तिथेच. मोजा उलटून वाळूचा कण, शिवणीची गाठ काढायची, जागा कोरडी करून चिकटपट्टी लावायची, सुरकुती न पडू देता. "अजून एक किलोमीटर काढतो" म्हणणाऱ्याचे पुढे चार दिवस जातात. फोड आलाच, तर त्याची वरची कातडी शाबूत ठेवा. तिच्याइतकं चांगलं झाकण बाजारात मिळत नाही. सुईने फोडून त्यात दोरा ओवून ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी चालते. त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. फोड मोठा आणि ताठ झाला असेल तर एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, दाखवावा.

हाडांचं काम जास्त हळू चालतं. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टराने लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन केलं. त्या दुखण्यामागे चवड्यामागच्या लांब हाडांना गेलेली बारीक चीर असते, हे क्ष-किरण आल्यावर १८९७ मध्ये कळलं. आज त्याला ताणाचा अस्थिभंग म्हणतात. पायावर अचानक भार वाढला की हाड स्वतःची फेररचना करू लागतं. त्यात आधी जुना भाग झिजवला जातो, नवी भर नंतर पडते. मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असतं, आणि प्रशिक्षणाचा ताण नेमका त्याच काळात शिगेला असतो. बूट कितीही उत्तम असला तरी हे आठवडे टळत नाहीत. अमेरिकी सैन्य, हवाईदल आणि मरीनमध्ये हजारो रिक्रूटांना तळव्याच्या कमानीप्रमाणे वेगवेगळे धावण्याचे बूट देऊन पाहिले. दुखापती त्यामुळे कमी झाल्या नाहीत. म्हणून दुकानदाराने "कमानीचा खास बूट" म्हणून दुप्पट किंमत सांगितली तर भुलू नये. ते पैसे चांगल्या मोज्यांवर खर्च करावेत, आणि झीज-भरीचे ते आठवडे घरीच, हळूहळू वाढवलेल्या चालीने उरकून घ्यावेत. चवड्याच्या वर एका ठिकाणी बोट दाबल्यावर नेमकं दुखत असेल आणि ते विश्रांतीनेही राहत नसेल, तर लपवू नका. चीर लपवली तर पुढे हाड पूर्ण तुटतं आणि मग सगळी तुकडीच मागे पडते, आपण एकटे नाही.

घट्ट बुटाचा आणखी एक धोका थंडीत असतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-फ्लँडर्सच्या खंदकांत चिखलपाण्यात उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय सडू लागले. १९१४-१५ च्या हिवाळ्यात हिंदी फौजाही तिथे होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात त्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. खंदकातल्या त्या व्याधीची कारणं शोधताना थंडी आणि ओल यांच्या जोडीला घट्ट बूट आणि पोटरीवर आवळलेल्या पट्ट्या सापडल्या, कारण त्यांनी रक्तप्रवाह अडतो. तेव्हापासून सैनिकांचे पाय रोज तपासणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य मानलं गेलं. तुमचे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, बराकीत येऊन "पाय दाखव" म्हणतील, तेव्हा ती याच परंपरेतली काळजी असते. लाजू नये, नीट दाखवावेत.

आता पुन्हा स्टोअरच्या रांगेचा विचार करू, पण तयारीनिशी. खिशात एक चिठ्ठी असू द्या: डावा पाय, उजवा पाय, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ज्या बुटात सराव केला त्याचा नंबर. मोजे सोबत न्या आणि ते घालूनच बूट चढवा. दोन्ही पायांत घाला, एकाच नाही. पुढ्यात जागा आहे का, टाच बसते का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. जमत नसेल तर बूट बाहेर मळवण्याआधी, त्याच दिवशी उस्तादांना किंवा कंपनीचं सामान सांभाळणाऱ्या सीक्यूएमएचना अदबीने सांगा. न मळलेला बूट बदलून मिळणं सोपं असतं. आठवडाभर चिखलात वापरलेल्याचं तसं नसतं. दोन जोड्या मिळाल्या तर त्यांवर आत एक आणि दोन अशी खूण करा, आलटून-पालटून घाला, म्हणजे प्रत्येक जोडीला वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात काही नवं सुरू करू नका, नवा मोजाही नाही. नखं सरळ कापा, कोपरे आत खोल घेऊ नका, आणि ती कामं आदल्या रात्रीवर ठेवण्यापेक्षा चार दिवस आधी करा. टाचेवरचे घट्टे पूर्ण घासून काढू नका. भेगा पडू नयेत इतपत मऊ ठेवा. सामानात चार जोड मोजे, चिकटपट्टी, नेलकटर, पायाची पावडर आणि जुनी वर्तमानपत्रं असू द्या. ही वर्तमानपत्रं पहिल्याच पावसाळी परेडनंतर अख्खी बराक तुमच्याकडे मागेल.